पवित्र आत्म्याचे फूल

पनामा हा देश आपल्या विद्यार्थ्यांना भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकातील कालव्यापुरता. दोन महासागरांना जोडणारी एक चिंचोळी पट्टी, एवढीच त्याची ओळख. या देशाचे राष्ट्रीय फूल कोणते, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील. ते एक ऑर्किड आहे. त्याचे शास्त्रीय नाव पेरिस्टेरिया इलाटा. सन १९८० मध्ये कायद्याने त्याला राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला. पनामातील लोक त्याला 'फ्लोर देल एस्पिरितू सान्तो' म्हणजे 'पवित्र आत्म्याचे फूल' म्हणतात. (ऑर्किडांना मराठी परिभाषेत 'आमरी' असा शब्द आहे. शब्द चांगला आहे, पण रुळला नाही, म्हणून या लेखात ऑर्किड हाच शब्द वापरला आहे.)

हे नाव का पडले ते फुलाचे चित्र पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. मेणासारख्या जाड, शुभ्र पाकळ्यांचा एक लहानसा पेला, आणि त्या पेल्यात पंख उभारून बसलेले एक पांढरे कबुतर! चोच आहे, डोके आहे, भरलेली छाती आहे, पंखांवर जांभळट-गुलाबी ठिपकेही आहेत. बायबलच्या शुभवर्तमानांत येशूचा बाप्तिस्मा यार्देन नदीत होत असताना पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरला असे वर्णन आहे. तेव्हापासून ख्रिस्ती चित्रकलेत पवित्र आत्मा म्हणजे पांढरे कबुतर हा संकेत पक्का झाला. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकांना तो सांगायला नको. मडगावचे मोठे चर्च पवित्र आत्म्याच्याच नावाचे आहे. स्पेनहून आलेल्या आणि हा संकेत मनात घेऊन आलेल्या माणसांना पनामाच्या जंगलात हे फूल दिसले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

मध्य अमेरिकेत असे हे एकच फूल नाही. ग्वाटेमालाने १९३४ मध्ये राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेले पांढरे लायकास्टे ऑर्किड 'मोन्हा ब्लांका' म्हणजे 'पांढरी जोगीण' या नावाने ओळखले जाते. शुभ्र वस्त्रे ल्यालेली, गुडघे टेकून प्रार्थना करणारी जोगीण त्यात लोकांना दिसते. कोस्टा रिकानेही १९३९ मध्ये ऑर्किडच निवडले. एकाच भागातील तीन देशांनी एकाच कुळातील फुले निवडावीत, हे त्या भागातील ऑर्किडांच्या विपुलतेचे द्योतक आहे.

आता समजा वर्गात हे चित्र दाखवले आणि एखाद्या मुलाने विचारले, "सर, हे फूल कबुतरासारखे का झाले? ते कोणी मुद्दाम तसे केले का?" या प्रश्नाला 'तसे काही नसते' असे उत्तर देऊन पुढे जाणे सोपे आहे; पण ते उत्तर नव्हे. आमच्या मते हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातील मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे आणि त्याच्यावर एकोणिसाव्या शतकात चांगली जुंपलेली आहे.

कबुतर म्हणजे नेमके काय?

प्रथम फुलाची रचना पाहू. ऑर्किडच्या फुलात तीन निदले आणि तीन दले, म्हणजे पाकळ्या, असतात. तीन पाकळ्यांपैकी एक इतर दोघींपेक्षा अगदी निराळी असते. तिला ओष्ठ म्हणतात. फुलावर येणारा कीटक बहुधा तिच्यावरच उतरतो. जास्वंदीत किंवा धोतऱ्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर आपण वेगवेगळे दाखवू शकतो. ऑर्किडमध्ये ते एकमेकांत मिसळून एकच जाड दांडा तयार झालेला असतो. त्याला स्तंभ म्हणतात. स्तंभाच्या टोकाशी टोपीसारखा परागकोश आणि त्याच्या खाली चिकट कुक्षी. परागकण सुटे, धुळीसारखे नसतात. त्यांचे मेणासारखे घट्ट पुंज बनलेले असतात. फूलवाल्याकडील गुच्छात हल्ली सर्रास दिसणारे जांभळे डेन्ड्रोबियम घ्या, स्तंभाच्या टोकाची टोपी सुईने हलकेच उचला, की पिवळे परागपुंज दिसतील. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर झाडांवरून लोंबणारी सीतेची वेणी हीसुद्धा ऑर्किडच. तिच्या इवल्याशा फुलात हीच मांडणी आहे.

पेरिस्टेरियाच्या फुलातील कबुतराचे अंग आणि डोके म्हणजे हा स्तंभ. चोच म्हणजे स्तंभाचे व परागकोशाचे टोक. पंख म्हणजे ओष्ठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना उभे राहिलेले भाग. ज्या अवयवांनी गुलाब आणि लिली तयार होतात त्याच अवयवांनी हे कबुतरही तयार झालेले आहे.

वनस्पतीही देखणी आहे. बहुतेक उष्णकटिबंधीय ऑर्किड झाडांवर वाढतात. हे मात्र बहुधा जमिनीवर, पालापाचोळ्यात वाढते. जमिनीलगत कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे हिरवे आभासी कंद असतात. त्यांतून चुण्या पडलेली, हातभर ते मीटरभर लांबीची पाने निघतात. कोरड्या ऋतूत पाने झडतात आणि केवळ कंद उरतात. पावसाळ्यात कंदाच्या बुडाशी फुलांचा दांडा निघतो, तो मीटरभर किंवा त्याहून उंच होतो, आणि सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची सुगंधी फुले खालून वर एकेक करीत उमलत जातात. 'इलाटा' म्हणजे उंच. 'पेरिस्टेरा' या ग्रीक शब्दाचा अर्थ कबुतर. पनामात हा बहर साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा पेन्टेकॉस्ट हा सण मात्र मे-जूनमध्ये येतो. सणाच्या दिवसांत फुलते म्हणून नाव पडले, असे येथे म्हणता येत नाही. नाव पडले ते आकृतीवरूनच.

काचघरातील फूल

हे शास्त्रीय नाव दिले विल्यम जॅक्सन हूकर यांनी, १८३१ मध्ये, 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन' या नियतकालिकात. हूकर तेव्हा ग्लासगो येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १८४१ मध्ये ते क्यू उद्यानाचे संचालक झाले. (त्यांचे पुत्र जोसेफ हूकर म्हणजे 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या सात खंडांच्या ग्रंथाचे कर्ते. आपल्या ऑर्किडांचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्यांच्याकडे जावे लागते.) हूकर यांनी प्रजातीचे नावच कबुतरावरून ठेवले. जंगलातील लोकांनी जे पाहिले, ते प्राध्यापकांनाही दिसले.

ते दिवस इंग्लंडमध्ये ऑर्किडवेडाचे होते. श्रीमंत लोक काचघरे बांधत, कोळसा जाळून ती तापवत आणि दक्षिण अमेरिकेहून व आशियाहून आलेली ऑर्किड त्यात ठेवत. कोरड्या ऋतूत पाने टाकून कंदाच्या रूपात निजून राहण्याची जी सोय निसर्गात या वनस्पतीच्या कामी येते, तीच तिच्या मुळावर आली. पाणी साठवून ठेवणारे हे कंद आठवडेच्या आठवडे जहाजात पडून राहिले तरी मरत नसत. पेट्या भरायच्या आणि रवाना करायच्या.

काचघरात कंद रुजला, फूल उमलले, कबुतर दिसले. दिसली नाही ती एकच गोष्ट. या फुलावर येणारा कीटक पनामात राहिला होता. फुलाच्या आयुष्यातील निम्मा भाग गैरहजर, त्यामुळे पाहणाऱ्यासमोर उरली ती आकृती आणि तिचा अर्थ. युरोपात ऑर्किडांभोवती इतक्या कल्पना का जमल्या, याचे एक कारण आम्हाला हे वाटते.

या वातावरणातील एक मोठे नाव म्हणजे जेम्स बेटमन. मेक्सिको आणि ग्वाटेमाला येथील ऑर्किडांवर १८३७ ते १८४३ या काळात त्यांनी काढलेला सचित्र ग्रंथ इतका प्रचंड होता की तो उचलायला दोन माणसे लागावीत. त्याच्या छापल्या अवघ्या १२५ प्रती. बेटमन अत्यंत श्रद्धाळू होते. आपल्या बिडल्फ ग्रेंज या बागेत त्यांनी जीवाश्मांची एक मार्गिका उभारली. तीत खडक व जीवाश्म बायबलमधील सृष्टीच्या सहा दिवसांप्रमाणे मांडले होते. ऑर्किडांचे सौंदर्य माणसाला आनंद व्हावा म्हणून निर्माण केलेले आहे, अशी त्यांची धारणा होती.

याच बेटमनांनी जानेवारी १८६२ मध्ये ऑर्किडांची एक पेटी चार्ल्स डार्विनकडे पाठवली. तीत मादागास्करचे, सुमारे एक फूट लांबीच्या मधुनलिकेचे ऑर्किड होते. इतकी लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे, हे डार्विनचे अनुमान आणि पुढे १९०३ मध्ये वर्णिला गेलेला तो पतंग, ही कथा आपल्या वाचकांना बहुधा माहीत आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. आम्हाला गंमत वाटते ती पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोघांचे सृष्टीविषयीचे मत टोकाचे वेगळे, पण फूल एकाने दुसऱ्याला बिनदिक्कत पाठवले.

त्याच वर्षी मे महिन्यात डार्विनचा ऑर्किडांच्या परागीभवनावरील ग्रंथ निघाला. 'ओरिजिन' नंतरचे हे त्याचे पहिलेच पुस्तक. वरवर पाहता तो फुले आणि कीटक यांच्यावरचा निरुपद्रवी ग्रंथ. परंतु आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला डार्विनने पत्रात कळवले की ही प्रतिपक्षावर बगलेने केलेली चाल आहे. चाल अशी होती. फुलातील प्रत्येक चमत्कारिक भाग घ्या आणि विचारा की याचा उपयोग कोणाला? बघणाऱ्या माणसाला, की त्या वनस्पतीला? आणि मग विचारा की हा भाग नव्याने घडवलेला आहे, की साध्या फुलातील जुन्याच अवयवात फेरफार होऊन आलेला? ऑर्किडामागून ऑर्किड चिरून त्याने दाखवले की भाग जुनेच आहेत, त्यांची कामे मात्र नवी आहेत.

माशीच्या नजरेतून

पेरिस्टेरियाचा खरा पाहुणा कळायला मात्र विसावे शतक अर्धे उलटावे लागले. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातच आढळणाऱ्या, हिरव्या-निळ्या धातूसारख्या चमकणाऱ्या किंवा भुंग्यासारख्या केसाळ अशा 'ऑर्किड-मधमाश्या' आहेत. अनेक ऑर्किडांवर त्यांचे फक्त नर येतात. फुलात मध नसतो, तरी येतात. डार्विनच्या काळात त्रिनिदादमधील क्रूगर या वनस्पतिशास्त्रज्ञाने बादलीसारख्या एका ऑर्किडवर माश्यांची झुंबड पाहिली तेव्हा त्या फुलाचा गर कुरतडतात असे त्याला वाटले. स्टेफान फोगेल यांनी १९६६ मध्ये दाखवले की हे नर सुगंध गोळा करतात. पुढच्या पायांच्या कुंचल्यांनी ते सुगंधी द्रव्य पुसून घेतात आणि मागच्या फुगीर पायांतील स्पंजासारख्या पोकळीत साठवतात. मीलनाच्या जागी मादीसमोर हा साठा कामी येतो. कॅलवे डॉडसन, रॉबर्ट ड्रेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात या सुगंधांतील रसायने ओळखली. शुद्ध रसायनाचा बोळा जंगलात टांगला तर नर त्याच्याकडेही येतात. ड्रेसलर हे पनामातच, स्मिथसोनियनच्या उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेत काम करीत होते.

पेरिस्टेरियाच्या ओष्ठाचा पुढचा भाग बिजागरीने बसवल्यासारखा असतो. नर त्याच्यावर उतरतो आणि सुगंधाच्या मागे आत सरकतो. एका टप्प्याला तोल जातो, सी-सॉ उलटावा तसा ओष्ठ वर उचलला जातो आणि माशी स्तंभावर, म्हणजे कबुतराच्या अंगावर, आदळते. सुटताना परागपुंज तिच्या अंगाला चिकटतात. दुसऱ्या फुलात पुन्हा तीच फसगत आणि पुंज कुक्षीवर. या सगळ्या व्यवहारात कबुतराला काही काम नाही. माशीला कबुतर दिसत नाही, तिला वास येतो. चोच हा परागपुंज अचूक जागी चिकटवण्याचा भाग आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'फुलातील साम्य म्हणजे आपला भास' असा सरसकट नियम करता येत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात ऑफ्रिस नावाची ऑर्किड आहेत. त्यांचा ओष्ठ केसाळ कीटकासारखा दिसतो. अल्जीरियात न्यायाधीश असलेले पूयान यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९१६ मध्ये प्रसिद्ध केले की गांधीलमाशीच्या एका जातीचे नर या फुलाशी मीलनाचा प्रयत्न करतात आणि त्यातून परागीभवन होते. पुढे १९९९ मध्ये एका ऑफ्रिसच्या गंधातील रसायने मादीच्या अंगावरील रसायनांशी जुळतात हेही सिद्ध झाले. म्हणजे ऑफ्रिसमधील साम्य खरेच कोणासाठी तरी आहे. पेरिस्टेरियातील कबुतर मात्र केवळ आपल्यासाठी आहे. हा फरक चित्राकडे कितीही वेळ पाहून कळत नाही. त्यासाठी झाडाजवळ तासन्‌तास बसून कोण येते ते पाहावे लागते.

एकच फूल, दोन पुराणे

अर्थ फुलात नसून पाहणाऱ्याच्या ओंजळीत असतो, याचा पुरावा आपल्या अंगणात आहे. कृष्णकमळ आपण सर्वांनी पाहिले आहे. बाहेरचे निळे-जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच परागकोश म्हणजे पाच पांडव, वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, आणि मध्ये श्रीकृष्ण. ही कथा आजीने नातवंडाला सांगितलेली असते. परंतु बागेत लावली जाणारी ही वेल मूळची अमेरिकेची आहे. युरोपीयांच्या जहाजांबरोबर ती जगभर पसरली. रोममध्ये जाकोमो बोसिओ याने १६१० च्या ग्रंथात तिचे वर्णन केले ते ख्रिस्ताच्या यातनांचे फूल म्हणून. तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. लिनीयसने पुढे दिलेले 'पॅसिफ्लोरा' हे नाव त्याच यातनांवरून आले आहे. तीच वेल येथे आली आणि तिला महाभारत मिळाले. पाच आणि तीन हे आकडे दोन्हीकडे कायम राहिले, कारण ते फुलात खरोखरच आहेत. कौरवांची संख्या मात्र मुलांकडून मोजून घ्यावी. एकाच वेलीच्या दहा फुलांतील तंतू मोजून तक्ता केला, तर अर्ध्या तासात वर्गाला पुष्कळ कळेल. कथा सांगून झाल्यावर मोजावे. कथा टाळू नये. कथेमुळेच मूल फुलाकडे इतके निरखून पाहते.

सगळे अर्थ इतके निरुपद्रवी नसतात. 'ऑर्किड' हा शब्दच ग्रीक भाषेतील वृषण या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. युरोपातील काही ऑर्किडांना जमिनीखाली दोन गोल कंद असतात. वनस्पतीच्या आकारातच तिचा औषधी उपयोग देवाने लिहून ठेवला आहे, असा चिन्हसिद्धान्त सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपभर मान्य होता. कंदांची आकृती पाहून ते पौरुषवर्धक ठरले आणि खणले जाऊ लागले. आपल्या बाजारात सालममिश्री या नावाने मिळणाऱ्या वाळक्या कंदांचीही तीच ख्याती. हिमालयातील सालमपंजाचा कंद तळहातासारखा असतो. तो खणला की रोप संपते. उंच कुरणांतून ही वनस्पती झपाट्याने कमी झाली आहे.

पवित्र आत्म्याच्या फुलाचेही हेच झाले. जितके पूजनीय तितके मागणीत. लोकांनी कंद खणून घरी नेले, विकले, परदेशी पाठवले. त्यात जंगलतोडीची भर पडली. दुर्मीळ जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे 'साइटिस'च्या, पहिल्या परिशिष्टात ही वनस्पती आहे. जंगलातून काढलेल्या रोपांचा परदेशी व्यापार त्यामुळे बंद आहे.

मग बियांपासून रोपे का केली जात नव्हती? एका बोंडात बिया हजारोंनी असतात, काही जातींत लाखोंनी. पण त्या धुळीसारख्या बारीक असतात, त्यांत भ्रूणपोष नसतो. शिदोरीच नाही, तर अंकुर जगणार कशावर? फ्रान्समधील नोएल बर्नार यांना १८९९ मध्ये जंगलात रुजलेल्या ऑर्किडच्या बिया सापडल्या आणि त्यांत कवकाचे धागे दिसले. ऑर्किडचे बी विशिष्ट कवक आत शिरले तरच रुजते, हे त्यांनी दाखवले. १९२२ मध्ये अमेरिकेतील ल्यूइस नडसन यांनी कवकाऐवजी साखर व क्षार घातलेल्या आगरवर बिया रुजवून दाखवल्या. तोपर्यंत बियांपासून रोपे करणे म्हणजे बरेचसे नशीब होते. एकोणिसाव्या शतकातील काचघरे भरली ती जंगले उपसूनच.

आज नडसन यांच्या रीतीने पेरिस्टेरियाची रोपे काचेच्या बरण्यांत करता येतात. पनामातील एल व्हाये दे आन्तोन या डोंगराळ गावी स्थानिक उत्पादकांची संस्था देशातील ऑर्किडांची अशी जोपासना करते. बरणीतून कुंडीत आणि कुंडीतून जंगलाच्या कडेला गेलेल्या रोपाला फुलायला काही वर्षे लागतात. त्यानंतर बोंड धरायचे, तर सुगंधाच्या शोधात निघालेला मधमाशीचा एखादा नर त्या जंगलात शिल्लक असावा लागतो.